मदत हवी आहे: 'विघ्नहर्ता'ची अक्षरं फुटतायत, उद्या रात्री फाइल द्यायची आहे

सई_शनिवारपेठ
मंडळाच्या मांडवात मूर्तीच्या मागे एलईडी वॉल लागणार आहे. त्यावर १० सेकंदांचं टायटल सारखं फिरत राहणार. गुलाल उधळतो, त्यातून एकेक अक्षर येतं, 'विघ्नहर्ता' तयार होतं आणि खाली मंडळाचं नाव. गुलाल अगदी मनासारखा झालाय. अक्षरांची मात्र वाट लागली आहे. वि ची वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसते, घ चा पाय मोडलेला दिसतो, रफार तर गायबच, र सुटा उभा राहतो. दोन रात्री जागले. उद्या रात्री ९ पर्यंत पेनड्राइव्ह द्यायचाय. कुठलं सेटिंग बदलू ते लवकर सांगा प्लीज.

रेंडरवाला
सॉफ्टवेअर कुठलं? आवृत्ती? फॉन्ट? मजकूर स्वतः टाइप केलास की कुठून आणून चिकटवलास?

ब्लेंडरप्रेमी
गुलालासाठी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापर. फुकट आहे, आणि धूर, कण, कापड सगळं त्यात जमतं. मी तीन वर्षं दुसरं काही उघडलेलंच नाही.

रेंडरवाला
अहो, गुलाल झालाय तिचा. अडलंय ते अक्षरांवर. आणि ब्लेंडरमध्ये मी देवनागरी टाकून पाहिली आहे, तिथेही जोडाक्षरं सुटी पडली होती. शेवटी अक्षरांच्या आकारांची एसव्हीजी फाइल बाहेरून आणावी लागली.

जुना_डीटीपी
बाळ, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट लाव, प्रश्न मिटला. अप्पा बळवंत चौकात बसून मी २५ वर्षं लग्नपत्रिका केल्या आहेत. श्रीलिपी आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची. त्या जुन्या फॉन्टांत वेलांटी, रफार, अर्धा घ हे सगळे तयार ठसे असतात आणि ते इंग्रजी कळांच्या जागी बसवलेले असतात. सॉफ्टवेअरला मराठी कळावी लागतच नाही.

सई_शनिवारपेठ
सॉरी, घाईत राहिलं. आफ्टर इफेक्ट्स २०२२, फॉन्ट मुक्ता. अध्यक्षकाकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तसाच चिकटवलाय. डीटीपीकाका, मैत्रिणीकडून श्रीलिपीचा फॉन्ट आणून लावला, नुसते चौकोन आले.

रेंडरवाला
येणारच. व्हॉट्सॲपचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत आहे, श्रीलिपीचे जुने फॉन्ट वेगळ्या सांकेतिक क्रमाचे. आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागेल आणि तिथे एखादं अक्षर चुकलं तर मांडवात सगळ्यांना दिसेल. त्यापेक्षा 'एडिट'मध्ये 'प्रेफरन्सेस', त्यात 'टाइप' उघड. टेक्स्ट इंजिन 'लॅटिन'वर असणार. ते 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' कर. प्रोग्राम बंद करून परत उघड आणि नवीन टेक्स्ट लेयर घे, जुन्यावर वेळ घालवू नकोस.

सई_शनिवारपेठ
झालं!! रफारासकट नीट दिसतंय. पण टेक्स्ट लेयरवरचा ॲनिमेटर (अक्षरं सुटी सुटी हलवणारी सोय) लावून एकेक अक्षर आणायला गेले की परत तेच. वेलांटी एकटीच उडत येते आणि मागून व येतो.

अक्षरवेडी
कारण सांगते. आपण 'विघ्नहर्ता' चार अक्षरांत वाचतो: वि, घ्न, ह, र्ता. युनिकोडमध्ये तीच १० चिन्हं आहेत, कारण वेलांटी, काना आणि दोन्ही पाय मोडल्याच्या खुणा वेगळ्या मोजल्या जातात. अक्षर कुठे संपतं हे ॲनिमेटरला नीट कळत नाही.

म्हणून अक्षरं इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कर. परिच्छेदाच्या पॅनेलमधून साउथ एशियन लिप्यांसाठीचा (वर्ल्ड-रेडी) कंपोझर निवड, शब्द नीट दिसला की 'क्रिएट आउटलाइन्स', म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात. आता सगळ्यात महत्त्वाचं: शिरोरेखा. ती प्रत्येक अक्षराला तुकड्यातुकड्याने चिकटलेली असते, त्यामुळे अक्षरं एकेक आली की मध्ये दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसतं. पाथफाइंडर या आकार कापायच्या साधनाने ती पट्टी कापून टाक. वेलांटीचा वरचा वळसा आणि रफार रेघेच्या वर असतात, ते आपापल्या अक्षराबरोबरच ठेव. चार अक्षरांचे चार लेयर कर, आफ्टर इफेक्ट्समध्ये आणून 'क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेयर'. शिरोरेखा तिथेच एका सरळ स्ट्रोकने काढ आणि 'ट्रिम पाथ्स'चा एंड ० पासून १०० पर्यंत ने. आधी रेघ ओढली जाते, मग गुलालातून एकेक अक्षर येऊन तिला लटकतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या कॉम्पोझिशनमध्ये रेघेला १५ फ्रेम पुरतात.

जुना_डीटीपी
बाकी सगळं मान्य, पण रेघ आधी नको. पाटीवर आपण आधी अक्षर काढतो, मग वर रेघ देतो. हाताची सवय डोळ्याला कळते.

अक्षरवेडी
काका, हातासाठी ते खरं आहे. पण इथे अक्षरं हवेतून येतायत, त्यांना टेकायला काहीतरी हवं. रेघ नसेल तर घ्न आणि र्ता एका पातळीत बसलेत हे डोळ्याला पटत नाही.

जुना_डीटीपी
मग रफार तरी सगळ्यात शेवटी येऊ दे.

अक्षरवेडी
हे मात्र फार छान. सई, रफाराचा वेगळा लेयर कर.

वॉल_ऑपरेटर
वॉलचे पिक्सेल किती आहेत ते विचारलंस का? वॉल ज्या चौकटी जोडून बनते ते कॅबिनेट कुठलं, किती बाय किती?

सई_शनिवारपेठ
१९२० बाय १०८० केलंय. ऑपरेटरदादांना फोन केला, ते म्हणाले ३.९१ चं (दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये), आडवे ६ आणि उभे ४.

वॉल_ऑपरेटर
अर्ध्या मीटरचं कॅबिनेट असेल तर प्रत्येकात १२८ बाय १२८. म्हणजे तुझी वॉल ७६८ बाय ५१२. आकारच वेगळा, तुझी फाइल ताणून बसवली तर अक्षरं बारीक आणि उंच दिसतील. कॉम्पोझिशन ७६८ बाय ५१२ चंच कर. मुक्ताचं जाड वजन घे, बारीक रफार इथे एका पिक्सेलचा होऊन लुकलुकतो.

कोथरूडकर
मागच्या वर्षी समोरच्या वॉलचा उजेड रात्री दीडपर्यंत आमच्या खोलीत होता. आई आजारी होती. याचाही विचार करा.

सई_शनिवारपेठ
काका, आरती झाल्यावर ब्राइटनेस कमी करायला मी स्वतः सांगेन. आमच्या समोरही आजी-आजोबा राहतात.

चारही अक्षरं रेघेला बसली. रफार शेवटी येतो तेव्हा बाबा उठून स्क्रीनजवळ आले. पण त्यांनी एक चूक काढली. खालच्या ओळीत 'बाल तरुण मंडळ' आहे, त्यातला ल हिंदी वळणाचा आलाय. तो कसा बदलू?

अक्षरवेडी
बाबांची नजर पक्की आहे. इलस्ट्रेटरच्या कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी कर. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श दोन्ही आपल्या वळणाचे होतात. नाही झाले तर फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणाऱ्या ग्लिफ्स पॅनेलमध्ये मराठी ल शोधून हाताने बसव. आउटलाइन करायच्या आधी हं.

सई_शनिवारपेठ
बदलला. ७६८ बाय ५१२ वर रेंडर लावलाय. पेनड्राइव्ह द्यायला जाईन तेव्हा वॉलवर एकदा लावून बघायला सांगते.