ध्वजदिनाचा सत्कार: बॅनर, पदकं, झेंडा

प्रश्न (परभणी जिल्हा): ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, ग्रामपंचायतीत माजी सैनिक आणि वीरपत्नींचा सत्कार ठेवलाय. बॅनरवर नावं कशी टाकायची? झेंडा अर्ध्यावर ठेवायचा का?

गोदाकाठ: ‘निवृत्त सुभेदार अमुक’ असं छापू नका. आधी हुद्दा, मग नाव, शेवटी कंसात ‘निवृत्त’. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. फ्लेक्सवाला हमखास उलटं करतो, म्हणून प्रूफ बघूनच पैसे द्या. झेंडा सरकारी आदेशाशिवाय अर्ध्यावर आणता येत नाही. तो टेबलावर अंथरू नका, आणि अनावरणाच्या फलकावरही टाकू नका.

काळी_माती: पदकं सैनिक स्वतः डाव्या छातीवर लावतो. पतीची पदकं वीरपत्नी उजवीकडे लावते. फोटोग्राफर ‘चुकलं’ म्हणून बदलायला लावेल, त्याचं ऐकू नका. आणि हळदीकुंकू ठेवूच नका हो! कोणाला लावायचं यावरून ऐनवेळी कुजबूज होते. शाल-श्रीफळ पुरे.

गोदाकाठ: नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्या. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे स्वातंत्र्यसैनिक वेगळे, दोन्ही याद्या एकत्र करू नका. ध्वजदिन निधी घेतलात तर पावती तिथल्या तिथे फाडा.

प्रश्नकर्ता: बॅनर थांबवलाय. तीनही नावं उलटीच होती.