मदत हवी आहे: जत्रेतल्या जुन्या कॅमेऱ्यात निघालेला फिल्म रोल कसा धुवावा?

वार्षिक जत्रेत जुन्या वस्तूंच्या ढिगात एक घडीचा कॅमेरा मिळाला. घरी काळ्या पिशवीत हात घालून तो उघडला, तर आत पूर्ण गुंडाळलेला रोल! फिल्मच्या पाठीमागच्या कागदावर कोडॅक व्हेरिक्रोम पॅन, 620 (हे फिल्मचं माप) असं छापलंय. कुणीतरी काढलेले फोटो तसेच राहिलेत, आणि ते जपून बाहेर काढावेत अशी मनापासून इच्छा आहे.

ही फिल्म कृष्णधवल आहे, म्हणजे जुन्या रंगीत रोलसाठी लागणाऱ्या बंद पडलेल्या प्रक्रियेची अडचण नाही. 620 ची फक्त रीळ बारीक असते, फिल्मची रुंदी 120 इतकीच, त्यामुळे धुण्याच्या टाकीतलं, फिल्म गुंडाळायचं 120 चं चक्र चालेल. अंधारात ते भरायचा सराव मुदत संपलेल्या 120 रोलवर दोनदा केलाय. तोच रोल डी-76 या डेव्हलपरमध्ये (फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनात) धुतला तर सगळीकडे करडी झाक आली. याचीच धास्ती आहे.

एका लॅबला विचारलं, पण त्यांनी हमी नाकारली. माझ्याकडे एचसी-110 हा डेव्हलपर आहे, करडी झाक कमी करणारं बेंझोट्रायझोलही मिळेल. स्कॅनर आहे, त्यामुळे निगेटिव्ह फिकी आली तरी चालेल. चाचणीला तुकडा कापायची मात्र तयारी नाही, कुठली चौकट जाईल सांगता येत नाही.

इतका जुना रोल ज्यांनी स्वतः धुतलाय त्यांना विचारतोय: एचसी-110 चं 1 ला 31 मिश्रण 20 अंशांवर ठेवून वेळ वाढवावा, की थंड द्रावणात बेंझोट्रायझोल घालावं? घालायचं तर लिटरला किती? आणि कागद फिल्मला चिकटलेला निघाला, तर आधी पाण्यात भिजवलेलं चालेल का?