गच्चीवरच्या वडाची सगळी पानं आत्ता काढली तर चालेल का?

गच्चीवाला_पुणे: बोन्सायच्या ट्रेमध्ये वड आहे, खोड मस्त जाड झालंय पण पानं तळहाताएवढी, एवढ्याशा झाडाला अजिबात शोभत नाहीत. सगळी पानं काढली की नवीन छोटी येतात असं ऐकलंय. पण एप्रिल चालू आहे, ऊन म्हणजे विचारू नका, मग आत्ता काढू की पाऊस पडेपर्यंत थांबू? माती पण बदलायचीय, दोन्ही एकदमच उरकून टाकू का?

नाशिककर_बाग: दोन्ही एकदम नको हो!! मुळं कापलेली आणि वर पानं नाहीत, मग झाडाने सावरायचं कशाच्या जोरावर. माती यंदा बदलायची असेल तर पानं पुढच्या वर्षी. आधी बघा झाड जोमात आहे का, नवीन शेंडे निघतायत का, नसतील तर पानांना हात लावू नका. काढताना पान ओढू नका, कात्रीने कापा आणि देठ ठेवा, कारण नवीन डोळा देठाच्या बगलेत असतो, देठ नंतर वाळून आपोआप गळतो. चीक येईलच, पाण्याचा फवारा मारा, हाताला लागला तर काहींना खाज सुटते.

कोकणी_कुंडी: पावसाची वाट बघू नका. आमच्याकडे रत्नागिरीला जूनमध्ये एकदा लागला की ट्रे सुकतच नाही, त्यात पानं नसली की झाड पाणी ओढत नाही आणि मुळं कुजतात. आत्ता काढलीत तर उबेत दोन ते चार आठवड्यांत पालवी येते आणि जूनपर्यंत पानं पक्की होतात. थंडीत मात्र हा उद्योग नको, डिसेंबर-जानेवारीत झाड सुस्त असतं, नुसतं काड्या घेऊन बसेल.

गच्चीवाला_पुणे: बरं, माती पुढच्या वर्षी. पण मग पाणी रोजचंच ना? आणि उन्हात ठेवू की सावलीत?

नाशिककर_बाग: पाणी कमी, वरची माती सुकली की मगच. सकाळचं ऊन द्या, दुपारी हिरवी नेट, नाहीतर उघड्या फांद्यांची साल भाजते. एकदम अंधाऱ्या सावलीत पण नको, पालवी लांबट आणि मोठी येते, म्हणजे सगळी मेहनत वाया. नायट्रोजनवालं खत पानं पक्की होईपर्यंत बंद.

छाटणीप्रेमी: मी तर सगळी काढायच्या विरोधात आहे. वरची आणि बाहेरची मोठी पानं काढा, आतल्या बारीक फांद्यांवरची राहू द्या, त्या आधीच अशक्त असतात, तिथली पानं गेली की कधीकधी फांदीच वाळते. उजेड आत गेला की तिथेही फुटवे येतात. आणि वडाचं पान लहान होईल पण मायक्रोकार्पाइतकं (बोन्सायला वापरतात तो छोट्या पानांचा फायकस) बारीक कधीच होणार नाही, ती आशा सोडा. शेंडे खुडत राहिलात तरच फरक टिकतो, नाहीतर पुढची पानं परत मोठी. शेजारी जेड (जाड, रसाळ पानांचं झाड) असेल तर त्याच्यावर हा प्रयोग नको, त्याला नुसती छाटणी पुरते.

गच्चीवाला_पुणे: मग रविवारी फक्त वरची काढतो. फोटो पालवी आल्यावर टाकतो, आत्ता लाज वाटेल असं दिसणारे 😅