वाहतुकीची कोंडी, खोळंबा आणि अडथळा

प्रश्न : दादरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लावतात, बेस्टची बस वळत नाही. सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींनी लिहिलंय, ‘येथे वाहतूक कोंडी करू नये’. कानाला खटकतं. चूक आहे का? आणि गाड्या सुरळीत जात असतील, पण चालणाऱ्यांची वाट अडत असेल, तर त्यालाही ‘वाहतुकीस अडथळा’ म्हणायचं का?

उत्तर : खटकणारच. रस्त्यावरची कोंडी होते, फुटते, सुटते. ती कोणी ‘करत’ नाही. कोंडी केली जाते ती माणसाची : विरोधकांनी मंत्र्यांची कोंडी केली. रस्त्यावरच्या कोंडीला कर्ताच नसतो, म्हणून बातमीदारांना हा शब्द फार सोयीचा. ‘सायनला कोंडी’ म्हटलं की झालं, कोणामुळे ते विचारायला नको. खोळंबा प्रवाशांचा होतो, त्यातही दोषी कोण ते कळत नाही. अडथळा मात्र कोणीतरी आणतो, नाहीतर एखादी वस्तू अडथळा ठरते. फलकावर तोच हवा : ‘वाहतुकीस अडथळा होईल अशी वाहने उभी करू नयेत.’

दुसरे उत्तर : कायद्यातही नेमका हाच फरक आहे. अडथळ्यासाठी रांगा लागायलाच हव्यात असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 285 (आधीचं भारतीय दंड संहितेचं 283) सार्वजनिक वाटेवर ‘कोणत्याही व्यक्तीला’ झालेल्या अडथळ्याबद्दल आहे. म्हणजे पायी चालणाराही आला. शिवाय मुद्दाम काही करावं लागतं असंही नाही. आपल्या ताब्यातल्या वस्तूची नीट व्यवस्था लावली नाही, तरी तो अडथळाच. दंडाची मर्यादा पूर्वी 200 रुपये होती, आता 5000. मोटार वाहन कायद्याच्या कलम 201 मध्ये आधी फक्त बंद पडलेल्या गाडीचा उल्लेख होता. 2019 च्या दुरुस्तीत ‘बंद पडलेली’ ही अट गेली, त्यामुळे धडधाकट गाडीही त्यात येते. तेव्हा ‘दोन मिनिटांत आलोच, इंडिकेटर चालू ठेवलाय’ हा बचाव टोइंगवाल्यापुढे चालत नाही तो उगाच नाही.

आणखी एक : बोलीत हेतूसुद्धा क्रियापदावरून कळतो. ‘गाडी आडवी लावली’ म्हणजे बेशिस्त पार्किंग. ‘गाडी आडवी घातली’ म्हणजे समोरच्याला मुद्दाम अडवलं, आता भांडण होणार. तक्रार लिहिताना यात गल्लत केलीत तर साध्या प्रकरणाला वेगळाच रंग चढेल. आणि जाहीर करून अडवलं की तो ‘रास्ता रोको’. शब्द हिंदीतला, पण आपण त्याला खुशाल पुल्लिंगी नाम करून टाकलंय : रास्ता रोको झाला, मागे घेतला. ‘रस्ता अडवा आंदोलन’ म्हणून कोणी हाक दिल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

पहिल्या उत्तराला पुरवणी : चालणाऱ्यांनाही धरायचं असेल, तर ‘रहदारीस अडथळा’ लिहा. रहदारी म्हणजे वाटेवरची ये-जा. माणसं, हातगाड्या, गाड्या सगळं त्यात आलं. ‘वाहतूक’ म्हटलं की वाहन आणि माल आधी डोळ्यांपुढे येतो. ट्रॅफिक हा शब्द मात्र फलकावर नको. मुंबईत ‘सायनला ट्रॅफिक लागलं’ म्हणतात तेव्हा ट्रॅफिकचा अर्थच कोंडी असतो. मग ‘ट्रॅफिकला अडथळा’ वाचून कोणीतरी विचारील, कोंडीला कसला आलाय अडथळा?