केप कीरवीर: विकांची आठवण हा इतिहास की दंतकथा?

कागदोपत्री:
ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर कीरवीर नावाचं भूशिर आहे. डच नाव, अर्थ 'परत फिर'. १६०६ मध्ये विलेम यान्सझोनचं 'डायफकेन' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज इथूनच माघारी वळलं. युरोपीयांनी ऑस्ट्रेलियाचा किनारा पाहिल्याची ही पहिली नोंद, कॅप्टन जेम्स कुकच्या (१७७०) १६४ वर्षं आधीची. तिथले मूळ रहिवासी विक लोक सांगतात, गोऱ्यांनी विहीर खणली, बायकांवर हात टाकला, मग आम्ही त्यांना मारलं, होड्या जाळल्या. काही महिन्यांच्या सफरीत विहिरी खणायला सवड कुठली? जहाज तर इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर परतलं. दंतकथाच ही.

दर्यावर्दी:
कागद कागद करताय, पण यान्सझोनची रोजनिशी आहे कुठे? हरवली! उरली ती नकाशाची नक्कल आणि इतरांनी लिहिलेलं ऐकीव. म्हणजे त्यांचं ऐकीव ते पुरावा आणि विकांचं ऐकीव ती दंतकथा? बरं, १६२३ विसरलात. 'पेरा' आणि 'आर्नेम' घेऊन यान कार्स्टेन्सझोन त्याच किनाऱ्यावर आला. त्याची रोजनिशी शाबूत आहे. लोखंडाचे तुकडे नि मणी दाखवून माणसं जवळ बोलावली, एका डचानं एकाच्या कमरेला मिठी घातली, दुसऱ्यानं गळ्यात फास टाकला, आणि ओढत नेलं होडीत. पुढे तर पकडलेल्या माणसामागे दहा रियाल (तेव्हाची चांदीची नाणी) बक्षीस. साहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

कागदोपत्री:
ते नाकारतंय कोण? पण मग माझाच मुद्दा आला ना. १६०६, १६२३ आणि एकोणिसाव्या शतकातले मोत्यांचे शिंपले काढणारे, जे माणसं पळवून कामाला जुंपायचे, सगळ्यांची खिचडी झालीय.

वेंगुर्लेकर:
मधेच बोलतोय. याच डच कंपनीची पडकी वखार आमच्या गावात आहे. साल विचाराल तर लोक गडबडतील, पण वखार डचांची हे पोरंसुद्धा सांगतात. साल चुकलं म्हणून वखार खोटी?

कागदोपत्री:
वखारीच्या भिंती तरी दिसतात हो. विहीर दाखवा.

दर्यावर्दी:
दाखवायची तर विकांना विचारूनच जावं लागेल. २००० साली डायफकेनची प्रतिकृती त्याच द्वीपकल्पातल्या पेनफादर नदीपाशी पोचली, तेव्हा खलाशी तिथल्या लोकांची परवानगी घेऊन मगच किनाऱ्यावर उतरले.