मदत हवी आहे: 'आजीवन अपडेट मोफत' असा शब्द दिलाय, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षांपूर्वी अनुवादकांसाठी एक डेस्कटॉप अ‍ॅप बनवलं. कुठल्या कामात कोणता प्रतिशब्द वापरला होता, हे पुढच्या वेळी चटकन सापडावं, एवढंच त्याचं काम. एकटाच चालवतो. गुंतवणूकदार नाही, नकोही. आजवर ४१२ परवाने विकले गेले, त्यातले बरेच जण पहिल्या वर्षापासूनचे. एक बाई तर दर आवृत्तीनंतर चुकांची नीट यादी करून पाठवतात, न मागता. अशी माणसं जाहिरातीने मिळत नाहीत.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला एकदाच पैसे घेतले आणि 'आजीवन अपडेट' लिहून दिलं. तेव्हा महिन्याला दहा-बारा नवे यायचे, आता चार येतात. इकडे ऑपरेटिंग सिस्टिम दरवर्षी बदलते, काही ना काही मोडतं आणि ते सगळ्यांसाठीच दुरुस्त करावं लागतं. चौघांच्या पैशात हे फार दिवस निभणार नाही.

मासिक वर्गणीचा हिशोब मांडून पाहिला. दरमहा ३ टक्के गळती धरली तर वर्षाअखेर १०० पैकी ६९ उरतात. आणि महिन्याला चारच नवे आले, तर आकडा १३३ च्या पुढे सरकतच नाही, कारण तिथे आले तेवढेच जातात. शिवाय अनुवादकांना काम सलग नसतं. रिकाम्या महिन्यात पहिली कात्री अशाच खर्चाला लागते.

त्यापेक्षा सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहिण्याच्या एडिटरची पद्धत पटली. २०२१ साली चौथ्या आवृत्तीपासून त्यांनी परवान्यासोबत तीन वर्षांचे अपडेट द्यायला सुरुवात केली. मुदत संपली तरी तोवरची आवृत्ती चालूच राहते. नव्यांसाठी मी हेच ठरवलंय.

प्रश्न जुन्यांचा आहे. शब्द मोडायचा नाही, हे पक्कं. स्वेच्छेने नूतनीकरण करा असं विचारलं, तर ही माणसं भिडेपोटी पैसे देतील, आणि ते मला नकोय. दुरुस्त्या कायम मोफत आणि नव्या सोयींना पैसे, असंही सुचतं. पण 'अपडेट'मध्ये नव्या सोयीही आल्या, असंच त्यांनी धरलं असणार. लिहिताना मीही तेच धरलं होतं.

यातून कुणी गेलंय का? जुन्या ग्राहकांना नेमकं काय लिहिलंत? सगळ्यांना एकदम कळवलंत, की आधी मोजक्या जणांशी बोललात? अ‍ॅप विकून टाकायचा सल्ला कृपया नको.