मदत हवी आहे : श्रावणातला एक आठवडा, हातात मोजके पैसे आणि रोज उरणारे अन्न

नमस्कार.

आमच्या घरी पाच माणसे आहेत : आम्ही दोघे, माझी आई (वय ७२, मधुमेह आहे), दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. राहायला नाशिकला आहोत. पत्नीची शिफ्टची नोकरी असल्यामुळे सकाळचा स्वयंपाक ती करते आणि संध्याकाळचा मी करतो. आमच्याकडचे बरेचसे अन्न याच वाटणीत वाया जाते, कारण सकाळचे काय आणि किती उरले आहे हे मला संध्याकाळी फ्रिज उघडल्यावरच कळते आणि तोपर्यंत मी कुकर लावून बसलेला असतो.

मुलाच्या क्लासची फी भरल्यापासून घरखर्चाला आम्ही मर्यादा घालून घेतली आहे. गहू, तांदूळ, डाळी आणि तेल महिन्याच्या सुरुवातीला भरतो. दूध, भाजी, फळे आणि वरखर्चासाठी आठवड्याला २,००० रुपये ठेवतो. रोजच्या दीड लिटर दुधाचे साडेसहाशे वजा केले की साडेतेराशे उरतात. एवढ्या पैशांत पाच माणसांचे भागायला हरकत नाही, पण भागत नाही, म्हणून मागच्या आठवड्यात मी एक वही घातली आणि सोमवार ते रविवार जे जे टाकून दिले ते लिहून ठेवले : पोळ्या १७, भात सुमारे ६ वाट्या, वरण आणि आमटी मिळून ४ वाट्या, वेगवेगळ्या भाज्या ५ वाट्या, वास लागलेली मोड आलेली मटकी एक वाटी, काळी पडलेली अर्धी जुडी कोथिंबीर. १७ पोळ्या म्हणजे जवळजवळ अर्धा किलो कणीक होते.

यातले ताटात टाकलेले असे काहीच नव्हते. सगळे डब्यात काढून, झाकण लावून, जपून ठेवलेले होते. गुरुवारी रात्री मी फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला तेव्हा स्टीलचे नऊ डबे निघाले. त्यांतले चार एकाच मापाचे असल्यामुळे उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळायला मार्ग नव्हता. एकात दोडक्याची भाजी होती, तिच्यावर पाणी सुटलेले होते, आणि ती कोणत्या दिवसाची यावर घरात तीन मते पडली. आई म्हणाली, ''फ्रिज आला आणि शिळ्याला लाज राहिली नाही.''

फोडणीची पोळी, पोळीचा लाडू, फोडणीचा भात, भाताचे थालीपीठ, उरलेल्या वरणातली वरणफळे, आमटीत कणीक भिजवून धपाटे, सुक्या भाजीचे पराठे, आंबट ताकाची कढी किंवा तांदळाची उकड, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचे वाटण, नासलेल्या दुधाचे पनीर आणि त्याच्या पाण्यात मळलेली कणीक : हे सगळे आम्हाला येते, त्यामुळे कृपया पाककृती सुचवू नयेत. मला क्रम हवा आहे. उरलेल्याचे काय करावे, हा प्रश्न रात्री नऊ वाजता पडतो आणि त्या वेळी त्याचे उत्तर नेहमी 'डब्यात काढून ठेवू' असेच निघते. मला रविवारीच हे ठरवून ठेवायचे आहे की काय उरवायचे, किती उरवायचे आणि ते कोणत्या जेवणात संपवायचे.

येता आठवडा सरळ नाही, म्हणून तो इथे मांडतो. सोमवारी पत्नीचा आणि आईचा उपवास असतो आणि तो संध्याकाळी सोडतात. मंगळवारी नागपंचमी आहे. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत आणि तवा ठेवत नाहीत, म्हणजे पोळ्या नाहीत. गुरुवारी शीतला सप्तमी, म्हणजे चूल पेटवायची नाही आणि आदल्या दिवशीचे खायचे. शिवाय आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, त्यामुळे मुलांसाठी केलेली उसळ उरली तर ती आईला चालत नाही आणि आईसाठी केलेली उरली तर मुले तिला हात लावत नाहीत.

माझा कच्चा आराखडा असा आहे. रविवारी सहा बटाटे उकडायचे, त्यांतले तीन सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीत आणि तीन मंगळवारी रश्श्यात हाताने फोडून घालायचे, म्हणजे विळी-सुरीला हात लावावा लागणार नाही. मटकी रविवारी सकाळी भिजवून रात्री बांधायची, म्हणजे मंगळवारी मोडाची उसळ होईल आणि बुधवारी त्याच उसळीची मिसळ. मंगळवारी पुरणाची दिंडे होतील. बुधवारी रात्री गुरुवारसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीभात करून ठेवायचा. शुक्रवार आणि शनिवार मी मोकळे ठेवले आहेत, कारण आठवडाभराचे सगळे उरलेले त्या दोन दिवसांत येऊन साचणार याची मला खात्री आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, मुलांचा डबा सकाळी सात वाजता भरला जातो आणि साडेदहाला उघडला जातो. रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात त्यात द्यावा का? दुसरा, आईसाठी वेगळे पातेले न चढवता कांद्या-लसणाचा प्रश्न कसा सोडवावा? तिसरा, शिजवलेली डाळ दोन दिवसांची एकदम करून ठेवली तर पावसाळी हवेत ती टिकते का? आणि चौथा, पोळ्या नेमक्या किती कराव्यात, हे तुमच्या घरी कोण आणि कसे ठरवते?

प्रतिसाद

तुमचा चौथा प्रश्न मी पहिला घेते, कारण १७ पोळ्यांचे उत्तर दिल्याशिवाय बाकीची उत्तरे फुकट आहेत. आमच्याकडे ओट्याशेजारी भिंतीवर मुलांची जुनी पाटी टांगलेली आहे. जो कोणी रात्री घरी जेवणार नसेल त्याने दुपारी चारपर्यंत पाटीवर लिहायचे किंवा फोन करायचा. लिहिले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोळ्या त्याच्या ताटात पडतात. दहावीतली मुले क्लासवरून येताना वडापाव खाऊन येतात आणि 'भूक नाही' म्हणतात, हे गृहीत धरूनच कणीक भिजवावी. कमी पडली तर पाच मिनिटांत भाजणीचे थालीपीठ होते, पण जास्त झालेली पोळी परत पीठ होत नाही.

कांद्या-लसणाचे उत्तर सोपे आहे आणि ते तुमच्या उरवण्याच्या प्रश्नालाही लागू पडते. उरवायचे ते फोडणीच्या आधीचे उरवावे. मटकी नुसती मीठ-हळद घालून वाफवावी, डाळ नुसती घोटावी आणि त्यातून रोज लागेल तेवढी काढून फोडणीला टाकावी. एका कढल्यात आईंसाठी जिरे, हिंग, कढीपत्ता, आमसूल आणि गूळ, दुसऱ्यात मुलांसाठी लसूण आणि कांदा-खोबऱ्याचे वाटण. पातेले मात्र एकच राहते. कांदा-टोमॅटो पडलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ म्हणून पानात येतो आणि मुले नाक मुरडतात. नुसत्या वाफवलेल्या मटकीचे मात्र दुसऱ्या दिवशी काहीही होऊ शकते.

शीतला सप्तमीच्या ताटाकडे एकदा नीट पाहा, असे मी सुचवीन. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, तेलात तळलेली पुरी, कोरडी चटणी, दह्यात कालवलेला भात : यात रस्सा नाही, ओले खोबरे नाही, पालेभाजी नाही. रात्रभर टिकेल तेच त्या ताटात आलेले आहे. तुमच्या डब्यांत मी हीच वर्गवारी करीन : कोरडे, तळलेले आणि आंबट दुसऱ्या दिवशीसाठी; ओल्या नारळाचे आणि पाणी सुटणाऱ्या भाज्यांचे त्याच दिवशी संपवण्यासाठी. दोडका, दुधी, काकडी हे मुळी उरवूच नये, मोजून करावे.

तुमच्या आराखड्यात एकच बदल सुचवते. शुक्रवार-शनिवार मोकळे न ठेवता बुधवारची दुपार मोकळी ठेवावी. गुरुवारसाठी रात्री नवे अन्न करायचेच आहे, तर त्याच्या आधी जुने सगळे संपलेले असावे.

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. तांदळात बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले उलट्या घडवणारे विष नंतर कितीही परतले तरी नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी भात चांगला चुरचुरीत परतला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. रात्री तो किती वेळ बाहेर राहिला होता यावर सगळे अवलंबून असते. उरलेला भात कुकरच्या भांड्यात झाकून ठेवू नये. परातीत पसरून लवकर निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा (आतले तापमान ५ अंश सेल्सियसच्या आत असावे), दुसऱ्या दिवशीच संपवावा आणि एकदाच, पण आतपर्यंत वाफा येईतो गरम करावा. फोडणीचा भात घरी नाश्त्याला गरमागरम खावा. परतलेला भात बंद डब्यात साडेतीन तास कोमट राहणे हे नेमके टाळायला हवे. डब्यात फोडणीची पोळी किंवा पराठा द्यावा.

शिजवलेली डाळ दोन दिवस टिकते, पण तिलाही हाच नियम लागू आहे. पसरट भांड्यात निववावी आणि ज्या ओगराळ्याने उष्टी वाटी भरली ते पुन्हा पातेल्यात घालू नये. चिंच, आमसूल किंवा ताक घातलेले पदार्थ पितळेच्या भांड्यात कल्हईची खात्री असल्याशिवाय ठेवू नयेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. भात, पोळी, बटाटा आणि साबुदाणा यांचे पुनर्वापराचे बहुतेक सगळे पदार्थ पिष्टमय असतात, त्यामुळे उरलेले संपवण्याची जबाबदारी तुमच्या आईंच्या ताटावर येऊ देऊ नये. त्यांच्यासाठी वाफवलेली मटकी किंवा घट्ट वरण आधी बाजूला काढावे. दिवसभराचा उपवास आणि गोळ्यांच्या वेळा यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा.

धागाकर्त्याचे उत्तर, पुढच्या रविवारी

दोघांचेही मनापासून आभार. आठवडा पार पडला. वहीतली नोंद अशी आहे : पोळ्या ४, भात एक वाटी, भाज्या दीड वाटी, आणि डाळ मात्र तब्बल तीन वाट्या.

डाळीचा दोष माझा आहे. सोमवारी रात्री कुकर उघडून डाळ घोटली, झाकण ठेवले आणि निवेल म्हणून ओट्यावरच विसरलो. सकाळी सहाला पत्नीने ती फ्रिजमध्ये ठेवली. मंगळवारी आम्ही तिला हात लावला नाही, आणि बुधवारी दुपारी वरणफळांसाठी पळी घातली तेव्हा तिला तार सुटलेली होती. कणीक मळून झाली होती, म्हणून त्या कणकेच्या पोळ्या लाटल्या आणि उरलेल्या मटकीच्या मिसळीबरोबर खाल्ल्या.

पाटीऐवजी आम्ही फ्रिजच्या दारावर कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू लावली आहे. डब्यात काय आहे आणि ते कोणत्या जेवणात संपायचे आहे, एवढेच तिच्यावर लिहितो. मुलगी हे काम फार कडकपणे करते. शुक्रवारी तिने 'बाबांनी डाळ ओट्यावर ठेवली' असेही लिहून ठेवले होते. वाफवलेल्या मटकीचा उपाय सर्वांत चांगला चालला. एका पातेल्यातून आईची आमसुलाची उसळ, मुलांची मिसळ आणि शनिवारी एका वाटीचे थालीपीठ असे तीन दिवस निघाले. भाजी-फळांच्या साडेतेराशेतले २१० रुपये शिल्लक राहिले.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे आणि महिन्याभरात तो मोठा होणार आहे. दिंडांचे पुरण पाऊण वाटी उरले होते, ते पोळीला लावून मुलांनी संपवले. पण गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे किलोभर डाळीचे पुरण शिजते आणि त्यातले निम्मे उरते. कटाची आमटी दोन दिवस आनंदाने चालते, पुरणपोळ्या शेजारी वाटल्या जातात, आणि पुरणाचा डबा मागे राहतो. नैवेद्याचे म्हणून आई ते कमी शिजवू देत नाही. अशा वेळी गूळ घालण्याआधीच अर्धी डाळ बाजूला काढून ठेवणे कोणी करून पाहिले आहे का, आणि त्या डाळीचे नंतर काय केले?